दूध काय म्हणतंय

निंगाप्पाचा नातू आलाय,
प्लास्टिकच्या कव्हरात सर्टिफिकेट घेऊन.
"मावशी, आचारी व्हायचं तर काय करावं लागतं?"
बस, म्हटलं. कांदे सोल.
अडीच पोती आहेत. मग बोलू.

मी तर शिकायला आलेच नव्हते.
येळ्ळूरच्या एका लग्नात पोळ्या लाटायला आले होते,
शेकड्यावर मजुरी,
कंबर एकीकडे, गुडघे एकीकडे,
आणि समोर चुलाणापाशी भरमू आचारी, पाठमोरे,
खांद्यावर पंचा, कानावर विडी,
चारशे पानांचं मीठ ओंजळीनं मापणारे.

बायकांनी कढईपाशी जायचं नाही
असा काही नियम नव्हता.
फक्त कुणी गेलं नव्हतं.

त्या दिवशी कुंदा होता.
सत्तर लिटर दूध पहाटेपासून आटत होतं,
पांढरं, मग पिवळसर, मग कौलासारखं.
कुंदा म्हणजे करपण्याच्या
एक पाऊल अलीकडे थांबलेलं दूध.
ते पाऊल डोळ्यांना दिसत नाही.
मला ते पोळपाटावर बसल्या जागी कळलं.
ओरडले नाही. उठले,
आणि पिठाच्या हातांनी
चुलाणातलं मोठं लाकूड ओढून मातीत खुपसलं.

भरमूअण्णा ढवळतच होते, शांत.
मग थांबले. माझ्याकडे असं बघितलं
जसं गावाला निघालेला माणूस
अर्ध्या वाटेवरून कुलपाची आठवण काढतो.

"नाव काय गे तुझं?"
"मलप्रभा."
"उद्यापासून हितं हुबं ऱ्हायचं."

मग अकरा वर्षं.
खानापूर, हिंडलगा, संकेश्वर, पार गोकाकपर्यंत,
टेम्पोत पातेल्यांच्या मधे बसून.
कुठल्या पंगतीत "बास", कुठल्या पंगतीत "साकु",
पानावर आडवा धरलेला हात तोच.
तेल तापलं का ते ऐकायचं.
शीत दोन बोटांत दाबायचं, तिसऱ्यात नाही.
वधूपक्ष भांडायला आला
तर आधी चहा पुढं करायचा.
हे सगळं शिकवलं त्यांनी,
पण कढईपाशी उलट मलाच विचारायचे:
"मलू, दूध काय म्हणतंय?"
"मलू, फोडणी काय म्हणतिया?"

मला वाटायचं, परीक्षा घेतायत.
चुकले तर रागवत नसत,
घाबरत.
ते घाबरणं मला फार उशिरा कळलं.

उचगावला. मागच्या खोलीत सिलिंडर गळत होता,
दारातच डोकं भणाणलं माझं,
आणि अण्णा आत पाटावर निवांत बसलेले,
विडी तोंडात, काडी पेटीला टेकलेली.
काडी मी हातातून काढून घेतली.
दोघं बाहेर येऊन फणसाखाली बसलो.

"किती वर्षं?"
"त्या मोठ्या तापापास्नं. तू यायच्या आधी दोन."
बराच वेळ कावळेच बोलत होते.
"कुणाला सांगू नको," म्हणाले,
"पुढल्या महिन्याचे सात इसार घेतलेत."

नाही सांगितलं.
साती लग्नं नीट झाली.
संकेश्वरच्या एका म्हाताऱ्यानं तर अण्णांचा हात धरून
हुंगला, खरंच हुंगला, म्हणाला,
वेलदोडा घालावा तर ह्यानंच.
अण्णा हसले. मी भांडी मोजत होते.

आता त्यांना जाऊन चार वर्षं झाली.
आज पहिल्यांदा हे बोलतेय,
तेही मनातल्या मनात, कांद्यांपुढं.

नातवाचं एक पोतं संपलं.
डोळे लाल, शर्टाच्या बाहीला नाक पुसत विचारतो,
"मावशी, पुढं?"
मला वास येतो अजून, देवाची कृपा.
तरी हाक मारते,
इकडं ये. दूध काय म्हणतंय बघ.

पोरगं शहाणं. वाकतं
आणि कढईला कान लावतं.

नाक, म्हणते मी. नाक.
कान तेलाला.