अकरावी निळी पेटी

आज पुन्हा खोकं आलं.
पोस्टमन कावाबे खांद्यावरचा बर्फ झटकत म्हणाला,
"जड आहे, बाई. यंदा दगड मागवलेत का?"
दगड परवडले असते.

आत तीच निळी छत्री आणि तिच्याखाली
तीच चार इंग्रज पोरं, कुठल्याशा कापडगिरणीच्या गावची.
लग्न झाल्यापासून बघतेय मी त्यांना.
माझे केस पिकले, त्यांची झुलपं तशीच.
यंदा पाच तबकड्या, विटेएवढं पुस्तक,
एका जुन्या तिकिटाची हुबेहूब नक्कल
(ज्या कार्यक्रमाला आम्ही गेलोच नव्हतो त्याची),
आणि पेटीच्या कमरेला कागदी पट्टा,
मी लग्नामयताला किमोनोवर बांधते तसा.

शिगेतो पट्टा फाडत नाही.
सुरीच्या टोकाने सोडवतो, श्वास लागू देत नाही.
इतक्या हळुवारपणे त्याने कधी
एखादा मासा साफ केला असता तर.

कपाटात मोनो आहे, स्टिरिओ आहे,
पंचविसाव्या वर्षाची आहे, चाळिसाव्याची आहे,
एक जर्मन, जिच्यात तिसरं गाणं चुकून दोनदा,
एक, जिच्यात गायक सुरुवातीआधी खोकतो,
आणि एक, जिच्यातून तो खोकला पुसून टाकलाय.
खोकला गेला तेव्हा
हा दोन दिवस धड जेवला नव्हता.

मी म्हणायचे, मला बाई सगळं सारखंच.
तो म्हणायचा, तुझे सोन्याचे वर्खही लोकांना सारखेच.
तिथे मी गप्प.
बत्तीस वर्षं कानाझावात वर्ख कापले मी,
खिडक्या बंद, पंखा बंद, श्वास अडवून.
सोनं किती पातळ झालं
की त्यातून पलीकडचा हिरवा उजेड दिसू लागतो,
ते बोटांना कळतं, तोंडाला सांगता येत नाही.

यंदाच्या पुस्तकात लिहिलंय:
दुसऱ्या कडव्यात, डाव्या बाजूला, खंजिरी.
पन्नास वर्षं ड्रमखाली गाडलेली, आता मोकळी केली.
त्याने दिवा मालवला, हेडफोन चढवला,
कानांत प्राण आणून बसला.
एकदा.
मग पुन्हा.
चहा निवला. मी तो बदलून दिला, तोही निवला.
"फसवलं," म्हणाला, "नाहीच आहे."
आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता,
हेडफोन पुढे केला.

होती.
लख्ख होती. कुणी किल्ल्यांचा जुडगा घेऊन
लाकडी जिना उतरावा, तशी.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी आलेख दाखवला होता.
उजवीकडे रेघ कड्यावरून पडल्यासारखी.
वयाचं आहे, म्हणाले. किडे, पाखरं, घंटा,
आधी वरचं वरचं जातं.
घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.
संध्याकाळी केटली शिट्टी मारत होती
आणि हा तिच्या शेजारी बसून पेपर वाचत होता.

"मलाही नाही ऐकू आली" म्हणता आलं असतं.
जीभ वळेना.
मी हेडफोनची पिन उपटली, गाणं खोलीत सोडलं,
त्याचा हात ओढून तळवा उताणा केला,
आणि जिथे जिथे खंजिरी, तिथे तिथे बोटाने ठोका दिला.
चौथ्या ओळीत वाजवणारा अर्धा ठोका मागे पडतो.
मीही पडले.
त्याच्या भुवया वर गेल्या. "चुकला!"
"चुकलाच," मी म्हणाले.
"पन्नास वर्षं चुकतोय आणि मला पत्ता नाही!"
पेन्शनीत निघाला त्या दिवशीसुद्धा
इतका खूश दिसला नव्हता.

मग वही काढली, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं:
डावी बाजू, दुसरं कडवं, खंजिरी.
चौथ्या ओळीत मागे.
ऐकली: फुसाए.

मार्चमध्ये बारावी येणार म्हणे.
गाणं विझत जातं तिथे अकरा सेकंद जास्त आहेत तिच्यात.
किंमत मी विचारली नाही.
जागा कुठे करायची तेवढं बघतेय.
बहुतेक शिवणयंत्राखाली.