नाव गवा, आडनाव लोंढा

शेवटचे पेशंट अनगोळचे, मूतखड्याचे,
रिक्षा मिळेना म्हणून कुरकुरत गेले.
मग मागच्या दारानं ते आलं,
कारवारच्या माशांच्या थर्माकोल पेटीत, बर्फात,
चार जणांनी उचललेलं.
लोंढ्याच्या पुढं, तिनईघाटाच्या वळणावर
मालगाडीनं उडवला होता.
बाकीचा तिथंच पुरला, मुतगेकर मॅडम म्हणाल्या,
चुना घालून. एवढंच आणता आलं.

संगणक नावाशिवाय पुढं जात नाही.
नाव: गवा. आडनाव: मी लोंढा टाकलं.
वय? मॅडमनी ओठ वर उचलून बघितलं.
चार लिहा, पाच कशाला.
मातृभाषा हा रकाना आमच्या मालकांनी घातलाय,
सूचना कुठल्या भाषेत द्यायच्या म्हणून.
तो मी मोकळा सोडला.
मशीननं आपलं कन्नड धरलं.

शिंगं आडवी मावेनात.
सत्तर सेंटिमीटरचं भोक, माणसाच्या खांद्यांच्या मापाचं.
बमू एडगे, जंगल खात्याचा वॉचर,
तोवर चपला हातात घेऊन दारात उभा होता.
"तसं नव्हे ओ बाई, करवंदीच्या जाळीत शिरताना
तो मान अशी घालतोय,"
आणि स्वतःची मान तिरकी करून दाखवली.
तशी घातली. गेलं.

काचेमागं आम्ही तिघं.
टेबल सरकलं, आणि भिंतीतली बाई बोलली
जशी दिवसातनं साठ वेळा बोलते:
उसिरु हिडिदुकोळ्ळि.
श्वास धरा.
कुणी हसलं नाही. बमूनं धरला.

आधी नाक उमटलं.
नाक कसलं, लग्नातल्या चिरोट्याचे पदर,
पातळ हाडाचे, एकात एक गुंडाळलेले.
दाढेखाली घास अडकलेला,
कारवीचा असेल, बांबूचा असेल,
मशीन एवढंच सांगतं, हाडापेक्षा मऊ.
मागची दाढ अजून जबड्यातच, यायची होती.
मॅडम आकडे लिहीत गेल्या.
गाईचं पुस्तक आहे माझ्याकडं, म्हणाल्या,
याचं नाही.

मग कपाळ.
मी रोज कपाळं बघते, सर्दीनं भरलेली,
भुवयांवर दोन पोकळ्या, संपलं.
इथं पोकळी संपेचना.
कापामागून काप, काळोख रुंद होत
डोळ्यावरनं मागं गेला, वळला,
आणि शिंगात शिरला.
वाटलं, माझंच काही चुकलं.
माऊस मागं फिरवला, परत पुढं आणला.
शिंगात हवा.
नाकातलीच, वाट काढत आलेली,
निम्म्या शिंगापर्यंत.

"म्हणजे ओ," बमूनं काचेला बोट लावलं,
"आमच्या भावाच्या बरगडीत गेलं ते..."
मॅडम म्हणाल्या, टोक भरीव असतं.
थोड्या वेळानं: मुळाशी हवा.
तो नुसता बघत राहिला.
भाऊ बरा आहे, म्हणाला, भात कापतो,
खोकला आला की तेवढी कूस धरतो.

उसिरु बिडि, भिंतीतली बाई म्हणाली.

दीड वाजता पेटी गाडीत चढवली.
टेबल तीनदा पुसलं, डेटॉलनं,
फरशीवरचं बर्फाचं पाणी काढलं.
तरी एक केस राहिलाच, काळा, राठ,
पट्ट्याच्या वेलक्रोत.
सकाळी साडेसातला शहापूरच्या एक बाई आडव्या झाल्या,
त्यांनी तो चिमटीत धरला.
"कुत्रं पाळलंय काय गं इथं?"
मी होय म्हटलं.