बटन-सेल

हडर्सफील्डच्या चढावरचं घर, मागची खोली.
मी टेबलाखाली, गुडघ्यांवर.
केबल काढली, फुंकली, परत खोचली.
राउटरचा हिरवा दिवा इमानेइतबारे लुकलुकतोय,
पिंग जातंय, परत येतंय,
तरी एकेक पान म्हणतं: भरवसा नाही.

'म्हातारपण, दुसरं काय!'
मिसेस अ‍ॅक्रॉइड म्हणतात. संगणकाबद्दलच असावं.

दुसरा चहाही गार झाल्यावर
नजर जाते पडद्याच्या कोपऱ्यात:
एक जानेवारी, दोन हजार दोन.
आतला सेल मेलाय, रुपयाएवढा.
रोज वीज आली की हे यंत्र
त्याच सकाळी जागं होतं,
आणि जगाने दाखवलेले आजचे दाखले
याच्या लेखी अजून जन्मायचेच आहेत.

मी सांगतो. त्या पलंगाच्या कडेला टेकतात.
'दोन हजार दोन.
तेव्हा स्टॅन्ली बसायचा इथे, पत्ते खेळत.
हरला की शिव्या कीबोर्डला.'
खुर्चीच्या हातावरचं कापड तिथे झिजलंय.

माझं बोट तारखेवर अडतं.
'बदल बाबा,' त्या म्हणतात,
'उगाच वाट बघत बसलंय बिचारं.'

नवा सेल. आजची तारीख. आणि धाडकन
कौन्सिलचं पान उघडतं:
उद्या हिरवा डबा.
एवढंच बघायचं होतं त्यांना
गेले अकरा दिवस.

'जुना सेल कचऱ्यात टाकू नका हं,' मी म्हणतो,
तोवर तो त्यांनी टाकलेलाही असतो
शिवणाच्या डब्यात,
शर्टांच्या सुट्या बटणांत.