कायमची वाढ

पावसाळ्यात मालवणचा समुद्र बंद होतो
तेव्हा त्याची फुफ्फुसं
कुपवाडला येतात.

फोंडा घाट चढून, टेम्पोत, ताडपत्रीखाली,
चाळीस पिवळ्या बाटल्या,
मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबा कोंबलेल्या.
उतरवताना हमाल विचारतो, ऑक्सिजन काय?
नाही रे, नुसती हवा.
हवेला एवढं वजन?

मी हायड्रो टेस्ट करते.
बाटलीत पाणी, बाटलीभोवती पाणी,
वर तीनशे बारचा दाब.
बाटली फुगते, डोळ्याला दिसणार नाही इतकी.
शेजारच्या काचेच्या नळीत पाणी चढतं
तेवढीच तिची कबुली.
मग दाब सोडायचा.
नव्या पोरांना मी एकच सांगते :
किती फुगली ते सोड, किती परत आली ते बघ.
जी उरते तिला आमच्या वहीत
कायमची वाढ म्हणतात.
दहा टक्क्यांवर गेली की बाटली बाद.

खवणेकरांचा फोन येतो.
आधी विचारतात, मगदूमबाय, कृष्णेक पाणी किती?
आयर्विनला एकतीस फूट, मी सांगते.
मग : कितके पास?
मागे मिक्सर चालू असतो, सोलकढीचा असावा.
त्यांच्या बायकोच्या चार खोल्या,
भावाची होडी, मेव्हण्याची पॅरासेलिंगची दोरी,
आणि आमच्या विश्रामबागेतला एजंट
ज्याच्या बोर्डावर लिहिलंय
दोन रात्री, तीन दिवस, स्कूबा फ्री.

फ्री.
म्हणजे कुणाचा तरी श्वास
सुरमई थाळीच्या भावात बसवलाय.

माझी जाऊ जाऊन आली. व्हिडिओ दाखवला.
पाण्याखाली ती सारखी अंगठा वर करत होती, मजेत,
आणि तिथे त्याचा अर्थ
मला वर न्या, असा होतो.
घरातले सगळे मासे बघत होते.
मी बाटलीची मान बघत होते,
माझा ठप्पा दिसतोय का.
ठप्पा नाही दिसला.
दिसला एक हात, तिला मागून धरलेला,
पाण्याने पांढरा पडलेला, बोटं सुरकुतलेली.
चेहरा कुठेच नाही.
त्या दिवशी ती त्याची कितवी होती?
जावेला विचारलं. ती म्हणाली, कोण?

मला पोहता येत नाही.
आमच्याकडे पाणी फुटात मोजतात
आणि ते घरात येतं,
आपण त्याच्या घरी जायचं असतं
हे मला चाळिशीत कळलं.

सतरा नंबर नापास झाली.
आणखी एक सीझन काढतली रे बाय ती, खवणेकर म्हणाले.
मी काही बोलले नाही.
त्यांनाही माहीत होतं, मी बोलणार नाही.
पलीकडे मिक्सर थांबला.

कधी टेबलाशी बसून वाटतं
ऑक्टोबर ते मे दाबाखाली असलेलं ते गाव
जूनमध्ये एकदा इथे बुडवावं,
शेजारी नळी लावावी,
वाकून वाचावं
किती परत आलंय.
मग वाटतं, आपल्याला काय.
आणि ड्रिल हातात घेते.

संध्याकाळी पुन्हा फोन.
भोक पाडलेली ती फेकू नको गो,
गाडीतून धाडून दे.
निळा रंग काढतो, गेटवर उभी करतो,
लोक बाजूला उभे राहून
फोटो काढतले.