अडतीस, सत्तेचाळीस

मार्लिस टोफ्टे आली तेव्हा डुलुथचं बंदर गोठलेलं,
खनिजाची जहाजं मार्चअखेरपर्यंत झोपलेली,
आणि तिच्या हातांत, जुन्या स्वेटरात गुंडाळलेला,
अठ्ठावन्न सालचा प्रीअँप्लिफायर.
"व्हर्लिनचा," ती म्हणाली. एवढंच.
मग पर्समधून चिठ्ठी काढली, चार घड्यांची.

चिठ्ठीत त्याच्या हातची यादी:
आणखी दोन व्हॉल्व्ह बसवायचे.
कपॅसिटर मोठे, दुप्पट.
समोर निळा दिवा.
"त्याच्या मनातलं तेवढं करून द्या."

मी झाकण उघडलं.
धूळ, करपट मेणाचा वास, एक वाळलेला कोळी,
आणि कोपऱ्यात तो, काळा, मुठीएवढा,
ज्याच्याविषयी यादीत अवाक्षर नव्हतं.

व्हॉल्व्हचं सगळेच कौतुक करतात.
तेच उजळतात, अंधारात तेच दिसतात.
ट्रान्सफॉर्मर आपला पत्र्याला पत्रा लावून बसलेला,
भिंतीतून येईल ते घ्यायचं, ज्याला जेवढं हवं तेवढं वाढायचं.
पंगतीत वाढणाऱ्याला कोण विचारतं,
जेवलास का?

त्याच्यावर एकशे सतरा व्होल्ट छापलंय.
माझ्या भिंतीत आज एकशे चोवीस.
म्हणजे सहा पूर्णांक तीनच्या जागी जवळजवळ सहा पूर्णांक सात,
ताटात आधीच जास्तीचं पडतंय,
आणि याला म्हणायचं, अजून दोन पानं मांड.

किती सोसेल ते कुठे लिहिलेलं नाही.
कारखाना बंद पडला, त्याच्या वह्या कचऱ्यात गेल्या.
विचारायचं तर तांब्याच्या तारेलाच.
ती तापली की अडून बसते,
आणि किती अडली ते मोजता येतं.

सकाळी, सुरू करण्याआधी: अडतीस ओहम.
मग चालू ठेवला. चार तास.
मी वाटाण्याचं सूप गरम केलं, दारातलं बर्फ ढकललं,
अधूनमधून बोट टेकवून पाहिलं:
आधी दहापर्यंत मोजता आलं, मग सहा, मग तीन.
प्लग काढला, लगेच मीटर लावला.
सत्तेचाळीस.
साठ अंशांची वाढ, आहे त्याच भारावर.

दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं.
म्हणजे, सरळ नाही सांगता आलं.
म्हटलं, दिवा निळा करून देतो.
म्हटलं, दुसरा ट्रान्सफॉर्मर मिळेल, मोठा,
पण पत्रा कापावा लागेल, आणि मग हा
हाच राहील का, मला माहीत नाही.
ती हातमोजे घालत होती, काढत होती.
"दर वर्षी म्हणायचा, पुढच्या हिवाळ्यात करतो."

ती गेल्यावर पत्रा पुसायला घेतला.
मागच्या बाजूला काळी चिकटपट्टी, कडा सुटलेल्या.
ओढली तर खाली दोन भोकं,
व्हॉल्व्हच्या बैठकीच्या मापाची, कानशीने गुळगुळीत केलेली.
आत एकही तार नाही. डाग दिल्याचा थेंब नाही.
म्हणजे पाडली, आणि थांबला.

चिठ्ठी उलटी केली.
घडीत, पेन्सिलीनं, जवळजवळ पुसलेलं:
३८. ४७.
खाली दोन रेघा.

मी बराच वेळ दुकानातला दिवा लावला नाही.

शनिवारी ती आली. भिंत आणि त्याच्यामध्ये
मी एक छोटी पेटी बसवली होती,
एकशे सतराच पुढे सोडणारी.
फ्यूज नवा. दिवा जुनाच, पिवळा.
चिठ्ठी उलट्या बाजूनं टेबलावर ठेवली.
तिनं आकडे वाचले, पण काय ते विचारलं नाही.
भोकं मी बुजवली नव्हती.
तिनं त्यांच्यावर तळवा धरला,
तबकडी फिरत होती तोवर,
आणि नंतरही.
"इथून ऊब येतेय," म्हणाली.
"हो."
"त्याला सांगायला काय झालं होतं?"
मी बिल लिहीत होतो. अठ्ठावीस डॉलर, फ्यूजसकट.
बाहेर बर्फ काढणारा ट्रक चढ चढत होता,
खालच्या गिअरमध्ये, सावकाश.