मागचं वजन

बकेट भरली की लोडर पुढे वाकायचा,
देवळात शिरल्यासारखा.
मागची चाकं वीतभर हवेत,
आणि सीटवर लक्ष्मीपती गाजुल
दोन्ही दांडे छातीशी ओढून
तेलुगूत कुणाची तरी आई काढत.

अक्कलकोट रोडला बंद कारखान्याच्या शेडा पाडायचं काम.
राडा भरायचा, ट्रॉलीत टाकायचा.
काँक्रीटचा मोठा तुकडा आला की त्याचा उपाय ठरलेला:
बसू.

बसवराज. वय एकोणीस, वजन सेहेचाळीस.
मागच्या बंपरवर चढून
इंजिनच्या जाळीला पाठ टेकायचा.
दुपारपर्यंत सदऱ्यावर जाळीचे चौकोन उमटायचे,
घामाने ओले, मग मिठाने पांढरे.
फार जड असलं तर चुलतभावालाही हाक मारायचा.
"आमी दोगं मिळून क्विंटल बी भरत नाही ओ,"
हे तो हसत सांगायचा.

गाडी माझ्याकडे आली मार्च संपताना.
पत्र्याला बोट लावायची सोय नव्हती.
"मागं वजन बसवून दे, मिस्त्री."
किती?
"बसूपेक्षा जास्त. आणि चहाला न जाणारं."

मी टेप लावली.
बकेटच्या मध्यापासून पुढच्या आसापर्यंत,
आसापासून बंपरपर्यंत.
खडूने फरशीवर आकडे मांडले,
सिद्धप्पाने त्यावरून वेल्डिंगची केबल ओढत नेली,
पुन्हा मांडले.
दीडशेच्या आसपास हवं.
कंपनीच्या वजनांचा भाव ऐकून
गाजुल नुसताच छताकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी रिक्षातून तीन पोती आली.
बिडाची वजनं. मागावर ताण्याला ओढून धरायची ती.
बापाचे सोळा माग किलोवर गेले,
ही मात्र जिन्याखाली राहिली.
चोवीस नग, सात-सात किलोचे.
कड्यांत अजून सूत अडकलेलं, बहुतेक हिरवं,
टॉवेलच्या काठाचं असावं.
गाजुलने ते नखाने उकरून काढलं
आणि खिशात घातलं.
मी ग्राइंडरची चकती बदलत होतो.

बिडाला वेल्डिंग धरत नाही. तडकतं.
म्हणून बारा एमएमच्या प्लेटची पेटी केली,
शक्य तितकी खाली, चाकांच्या आसाजवळ.
वर बसवली तर उतारावर आडवा पडशील, म्हटलं.
आणि अजून घालूही नकोस,
रिकामा चढावर घेशील तर तोंड वर करेल.
पुढच्या पिना होत्या तेवढ्याच आहेत,
मागं जड झालं म्हणून हाव सुटायला नको.
तो हो हो म्हणाला.
सगळे म्हणतात.

चार बोल्ट, दोन-दोन नट.
तेवीस मावली. एकशे एकसष्ट.
चोविसावं काही केल्या बसेना.

मागच्या मोकळ्या जागेत चाचणी.
बकेटमध्ये खडी, वर एक तुटका कॉलम.
दांडा ओढला.
स्प्रिंगा नसलेल्या त्या गाडीने एकदा अंग चोरलं,
आणि चारही चाकं
जमिनीवरच राहिली.
गाजुलने जागेवर एक गरका मारला,
टायर ओरडले, धूळ उठली,
सिद्धप्पाने शिट्टी वाजवली.

बसू सवयीने मागून धावला होता.
एक पाय वर टाकलाही.
तिथे आता पेटी, काळा रंग ओला.
पाय खाली घेतला.
चपलेच्या तळव्याला लागलेला रंग
तो बराच वेळ दगडावर पुसत होता.

"मालक, मी कुठं थांबू?"
इंजिन चालू होतं.
गाजुलला ऐकू आलं नसेल, असं धरून चालू.

दोन दिवसांनी सकाळी शटर उघडलं
तर हा बाहेर, उरलेल्या वजनावर बसलेला.
ते मी दाराला टेकण म्हणून ठेवलं होतं.
उठला, उचलून अंदाज घेतला.
"सात किलो. माझं एक तंगडं."
कामाचं विचारलं नाही. मीही काढलं नाही,
माझ्याकडे दोन माणसांपुरतंच काम आहे.

थोड्या वेळाने म्हणाला, "चहा आणू?"
दोन आण, म्हटलं.
"तीन की ओ," तो निघालाच होता,
"सिद्धप्पा बी यील आता."