कंदील धरणारा

हरिपुरात, नदीकाठच्या जुन्या पेवात
रायगोंडा शेटे सापडले मंगळवारी.
म्हसरं राखणाऱ्या पोराला वास आला,
त्याला वाटलं कुत्रं असेल.

पेवं आता कोण भरतंय?
निम्मी पुरानं खचवली, उरलेली बाभळींनी गिळली.
कोल्ड स्टोरेजं झाली कुपवाडच्या अंगाला,
हळद आता तिथं थंडीत झोपते.
पण या एका पेवाचं तोंड कुणीतरी साफ केलं होतं,
कडेचं गवत विळ्यानं कापलेलं,
इतकं नीट, की माल उतरवायचा असावा.

फौजदार नवा, लांबून बदलून आलेला.
"विहीर आहे का ही? पाणी कुठंय?"
म्हणून मला बोलावलं.

मी सांगितलं: पोट मोठं, तोंड लहान,
पंचवीस फूट खोल, थेंब शिरत नाही.
चार वर्षांनी काढा, हळद पिवळीच निघते.
"आणि हवा?"
हवा मरते, साहेब.
आधी तोंड उघडं टाकायचं,
मग दोरीला बांधून कंदील सोडायचा.
तेवत राहिला तर माणूस उतरतो.
विझला तर थांबायचं.
"हे काम कुणाकडं असायचं?"
माझ्याकडं.
"किती वर्षं?"
एकोणीस.
तो लिहीत होता. विसाव्याचं त्यानं विचारलं नाही.

विसाव्या वर्षी, वैशाखात,
एका रात्रीत भाव चढला.
शेटे काठावर उभे, डोळे घड्याळावर,
मागं ट्रक चालूच ठेवलेला.
मी कंदील सोडला. आठ हातांवर विझला.
वर ओढला तेव्हा काच अजून गरम होती.
"वाऱ्यानं गेला असंल," शेटे म्हणाले,
माझ्याकडं न बघता.
पेवात वारा नसतो.
हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं,
दगडू ऐवळेलाही माहीत होतं,
पण त्यानं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं,
आणि मी म्हणालो,
व्हय, वाऱ्यानंच.

दगडू उतरला.
हाकेला ओ देईना म्हणून म्हाकू उतरला.
म्हाकूला काढायला इसाक, ज्याचं लगीन ठरलं होतं.
चौथ्याला मी कमरेला मिठी घालून धरला.
गावानं तेवढ्याचंच कौतुक केलं,
शाल दिली. ती अजून ट्रंकेत आहे, घडीही मोडली नाही.
पंचनाम्यात आलं: मजुरांनी घाई केली.
खाली माझी सही. अक्षर तेव्हा चांगलं होतं.

शेट्यांच्या अंगावर जखम नव्हती.
दहाही नखांत माती.
कमरेला एक दोरी, वरून तोडलेली.
ऐंशीच्या माणसाला कुणीतरी खाली सोडलं होतं
सांभाळून, पोतं सोडावं तसं.
आणि उशाशी कंदील:
काच राखेनं घासलेली, तेल काठोकाठ,
वात जेमतेम काळी.

"ही गाठ ओळखता?"
ओळखतो. माझीच रीत.
एकदा शिकवली होती दगडूच्या शेवंतीला,
बापाचा डबा घेऊन यायची, सात वर्षांची,
तिनं परकराच्या नाडीवर घालून दाखवली होती.

ती गर्दीत होती.
हळदीच्या पॉलिशवर कामाला आहे,
कोपरापर्यंत पिवळी, धुऊन न जाणारी.
तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं.
अगदी तसंच.

"बाबा, कंदील विझला कशानं?
वाऱ्यानं ना?"

एक शब्द होता. एकदा वापरलेला.
तो पुन्हा म्हटला असता तर अपघात झाला असता,
ती संध्याकाळी घरी भाकरी थापायला गेली असती.
आणि नाही म्हटलं असतं, तर तिचे पिवळे हात बेडीत.
संगमाकडं बघितलं. वारणेचं पाणी गढूळ,
कृष्णेचं थोडं कमी गढूळ, बराच वेळ वेगवेगळं वाहतं.

म्हणालो, पेवात वारा नसतो, साहेब.
लिहा.
फक्त तारीख मागची टाका. वैशाख. एकतीस वर्षांपूर्वीची.
आणि मजुरांनी घाई केली, ते खोडा.

फौजदारानं पेनाला टोपण लावलं.
हवालदार हळूच बोलला, वय झालंय त्यांचं.
कुणीतरी माझ्यासाठी चहा मागवला.